फ्लॅटचं नॉमिनेशन: सोसायटीत अर्ज कसा द्यायचा, आणि सभासदाच्या निधनानंतर वारसांनी काय करायचं

आमच्या सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे होतं तेव्हा शेजारच्या विंगमधल्या एक काकू कागदपत्रं घेऊन ऑफिसात आल्या. काका जाऊन महिना झाला होता. फोल्डरमध्ये शेअर सर्टिफिकेट होतं, मृत्यूचा दाखला होता आणि काकांनी सही केलेला नॉमिनेशनचा, म्हणजे आपल्या पश्चात सोसायटीने कुणाचं नाव लावावं ते कळवणारा, फॉर्मही होता. पण तो मूळ फॉर्म होता. भरून कपाटात ठेवलेला, सोसायटीत कधी दिलेलाच नाही. आमच्या नोंदवहीत काकांच्या फ्लॅटपुढची जागा कोरी होती. त्यांनी स्वतःच्या हाताने फॉर्म भरला होता, तरी काकूंना नॉमिनी नसल्याच्या लांबच्या वाटेनेच जावं लागलं.

म्हणून आधी साधी वाट नीट समजून घ्या. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कुठल्याही सभासदाला नॉमिनेशन करता येतं. आदर्श उपविधींमधलं (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीतलं) परिशिष्ट १४ हा त्याचा नमुना, सोसायटीच्या ऑफिसात मिळतो. तो तीन प्रतींत भरायचा. नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं आणि एकापेक्षा जास्त नॉमिनी असतील तर प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहायचा. नॉमिनी अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर जन्मतारीख आणि पालकाचं नाव हवं. खाली सभासदाची आणि दोन साक्षीदारांची सही. पहिल्या नॉमिनेशनला फी नाही.

फॉर्म दिला की काम संपलं असं समजू नका. सचिवाने तो व्यवस्थापक समितीच्या पुढच्या सभेत ठेवायचा असतो. इतिवृत्तात त्याची नोंद होते आणि त्या सभेपासून सात दिवसांत नॉमिनेशन रजिस्टरमध्ये नाव चढतं. शिक्का आणि सही असलेली पोचप्रत मागून घ्या आणि ती शेअर सर्टिफिकेटसोबतच ठेवा. लग्न, घटस्फोट किंवा नॉमिनीचं निधन झालं की नवा फॉर्म द्यायचा. फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावावर आहे म्हणून नॉमिनेशन टाळणारे पुष्कळ आहेत. पण एकाच्या पश्चात त्याचा हिस्सा दुसऱ्याकडे आपोआप जात नाही, तो वारसांकडे जातो. तेव्हा दोघांनीही फॉर्म भरावा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. २०१९ साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासदाच्या निधनानंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, आणि तेही खरे वारस किंवा मृत्युपत्राने हक्क मिळालेली व्यक्ती सभासद होईपर्यंतच. थोरल्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून घातलं, तरी धाकट्याचा किंवा लग्न झालेल्या मुलीचा वाटा बुडत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायकोमुलांबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. कितीतरी घरांत आजीची सही घ्यायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही आणि अर्ज परत येतो.

नॉमिनीने निधनापासून सहा महिन्यांत सोसायटीकडे अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि विहित नमुन्यातलं हमीपत्र. प्रवेश फी भरावी लागते, पण नॉमिनीच्या किंवा वारसाच्या नावे होणाऱ्या हस्तांतरणावर प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटी घेते ती जादा रक्कम) घेता येत नाही. कुणी मागितलाच, तर कोणत्या उपविधीखाली मागताय ते लेखी द्या म्हणावं.

नॉमिनी नसेल तर सोसायटीला निधनाची माहिती मिळाल्यापासून महिन्याभरात हक्क आणि हरकती मागवणारी नोटीस काढावी लागते. ती फलकावर लागते, शिवाय निदान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापली जाते. वारसांचं एकमत असेल तर सगळ्यांनी मिळून एकाचं नाव सुचवायचं. ते नाव पुढे कायम करायचं असेल तर इतरांचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या, नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या सह्यांवर विसंबू नका. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांनी आपसांत केलेलं लेखी कौटुंबिक व्यवस्थापत्र यांच्या आधारेही हस्तांतरण होतं. एकमत नसेल तर निकाल न्यायालय देतं. कोण खरा वारस हे ठरवायचा अधिकार समितीला नाही, आणि समितीनेही त्या भांडणात पडू नये.

अर्ज दिल्यावर समितीने तीन महिन्यांत निर्णय कळवायला हवा. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागा. त्याविरुद्ध उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे दाद मागता येते, आणि तिथे तुमची पोचप्रत हाच पहिला कागद विचारतात.