पाच मीटरची दोरी आणि भाताची सरासरी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सुगी सुरू झाली की एखाद्या भाताच्या शेतात चार खुंट्या, दोरी, टेप आणि वजनकाटा घेऊन माणसं उतरलेली दिसतात. 5 मीटर लांब, 5 मीटर रुंद तुकडा आखायचा, तेवढंच भात कापायचं, झोडपायचं, वजन करायचं. हा पीक कापणी प्रयोग. अशा मोजक्या तुकड्यांच्या वजनावरून पंचायतीचं सरासरी उत्पन्न ठरतं, आणि पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही तेही बरंचसं त्यावरच. संख्याशास्त्राच्या पायाभूत कल्पना समजून घ्यायला ही जागा फार चांगली आहे, कारण इथे प्रत्येक चूक किलोत मोजता येते.

पहिली गोष्ट निवडीची. शेत कुठलं आणि शेतातला तुकडा कुठला, हे माणसाने ठरवायचं नाही. समजा शेत 60 पावलं लांब, 30 पावलं रुंद आहे आणि 5 मीटरला 7 पावलं लागतात. मग लांबीसाठी 0 ते 53 आणि रुंदीसाठी 0 ते 23 यांतले आकडे यादृच्छिक सारणीतून, म्हणजे कुठलाही क्रम नसलेल्या आकड्यांच्या तक्त्यातून, काढायचे, नैऋत्य कोपऱ्यापासून तेवढी पावलं चालायची आणि तिथे पहिली खुंटी ठोकायची. लांबीतून 7 आधीच वजा केले, म्हणून तुकडा बांधाबाहेर जात नाही. चूक होते ती इथून पुढे. खुंटीच्या जागी भात विरळ निघालं की "इथं काय हाय, जरा तिकडं सरकू या" असं कुणीतरी म्हणतं. सरकायचं नाही. शेतात विरळ जागा आहेत, तर नमुन्यातही त्या आल्याच पाहिजेत.

आता हिशेब. चार तुकड्यांचं भात 9, 11, 8 आणि 12 किलो भरलं. सरासरी 10. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, म्हणजे असे 400 तुकडे. तेव्हा हेक्टरी 40 क्विंटल. पण या 40 वर भरवसा किती? प्रत्येक वजन सरासरीपासून किती लांब आहे ते पाहू: 1, 1, 2, 2. त्यांच्या वर्गांची बेरीज 10. तिला 4 ने नव्हे, 3 ने भागायचं, कारण सरासरी याच आकड्यांतून काढली आहे आणि तीन फरक कळले की चौथा आपोआप ठरतो. भागाकार 3.33, त्याचं वर्गमूळ 1.83 किलो. हे प्रमाण विचलन, तुकड्या-तुकड्यांतला पसारा सांगणारं. त्याला तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे 2 ने भागलं की 0.91 किलो ही सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते. चारच तुकडे असताना 95 टक्के विश्वासासाठी तिला 3.18 ने गुणावं लागतं. म्हणजे 10 किलोच्या दोन्ही बाजूंना 2.9 किलो, हेक्टरी जवळजवळ 12 क्विंटल! खरा आकडा 28 असू शकतो आणि 52 सुद्धा. पसारा तेवढाच राहून 16 तुकडे कापले, तर ही तफावत 4 क्विंटलच्या आसपास येते, कारण प्रमाण त्रुटी अर्धी होते आणि 3.18 हा गुणकही लहान होतो. प्रमाण त्रुटी अर्धी करायला चौपट कष्ट लागतात.

पण नुसते तुकडे वाढवून सगळं सुधारत नाही. समजा दोरी चारही बाजूंना 10 सेंटिमीटर बाहेर गेली. 5 मीटरची बाजू 5.2 झाली, क्षेत्र 25 चं 27.04 झालं, उत्पन्न 8 टक्के फुगलं. हीच चूक 1 मीटरच्या तुकड्यात केली, तर फुगवटा 44 टक्क्यांचा. कारण तुकडा लहान झाला की क्षेत्राच्या मानाने कड वाढते. साताऱ्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1946 साली नेमकं हेच दाखवलं: लहान तुकड्यांवरून काढलेलं उत्पन्न जास्त येतं, कडेची रोपं आत ओढली जातात. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. कमी खर्चात खूप जागा मोजता येतात आणि माणसं नीट शिकवली तर चूक आटोक्यात राहते, असं त्यांचं म्हणणं. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण एकाच दिशेने झुकलेली चूक शंभर तुकडे कापले तरी तशीच राहते. उलट प्रमाण त्रुटी लहान दिसते आणि चुकीचा आकडा पक्का वाटू लागतो. भरपाईच्या वेळी हा फुगवटा शेतकऱ्याच्या मुळावर येतो.

म्हणून दोरी ताणल्यावर कर्ण मोजायचा. तो दोन्हीकडून 7.07 मीटर आला तरच चौकोन काटकोनी. दोरीवरच्या रोपाचं लोंबी बघून नाही, बुडखा बघून ठरवायचं: बुडखा आत, तर रोप आत.

जिल्ह्याच्या सरासरीचंही असंच. कणकुंबीला घाटाचा पाऊस, अथणीकडे कोरडवाहू रान. दोन्हींची मिळून काढलेली सरासरी कणकुंबीलाही लागू नाही आणि अथणीलाही नाही. आधी सारख्या भागांचे थर पाडायचे, प्रत्येक थरातून वेगळा नमुना घ्यायचा, मग क्षेत्राच्या प्रमाणात आकडे जोडायचे. कष्ट तेवढेच, त्रुटी बरीच कमी.

शेवटी राहतो ओलावा. 22 टक्के ओलाव्याचं 10 किलो भात 14 टक्क्यांपर्यंत वाळलं की 10 गुणिले 78 भागिले 86, म्हणजे 9.07 किलो भरतं. वजनासोबत ओलाव्याचा आकडा लिहिला नसेल, तर हेक्टरी साडेतीन क्विंटलांहून जास्त पाणीच भात म्हणून मोजलं जातं.