मसाज चेअर आणि सेन्सरवाली डुलती खुर्ची: घरच्या आजारी माणसाला कोणती?

घरात डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) माणूस असलं की संध्याकाळ फार अवघड जाते. येरझाऱ्या सुरू होतात, स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी जायचंय' सुरू होतं, कुणी कितीही समजावलं तरी पटत नाही. मग कुणीतरी सुचवतं, 'एखादी थेरपी चेअर घेऊन बघा ना.' शोधायला गेलं की दोन खुर्च्या समोर येतात. दोन्हींत मोटर, दोन्हींत सेन्सर, दोन्हींत संगीत. एक मसाज चेअर. दुसरी डुलणारी उपचार-खुर्ची, जी डेन्मार्कसारख्या देशांत वृद्धाश्रमांतून आणि मानसोपचार विभागांतून वापरली जाते. आपल्याकडे पहिली सहज मिळते, मॉलमध्ये बसूनही बघता येते. त्यामुळे गरज दुसरीची असताना घरात येते पहिली. ही अदलाबदल नुसती पैशांची नाही, कधीकधी ती अंगाशीही येते.

मसाज चेअरचं काम स्नायूंवर. पाठीच्या आत रुळावरून वरखाली सरकणारे रोलर असतात, दंडाभोवती आणि पोटऱ्यांभोवती हवेच्या पिशव्या फुगतात आणि आवळतात, कमरेपाशी ऊब दिली जाते. तिची सुरुवात जपानमधली, ओसाकात १९५४ साली नोबुओ फुजिमोतो यांनी केलेली. आजची खुर्ची मागे कलते, पाय वर येतात, आणि मग माणूस तसाच पडून राहतो. हलतं ते यंत्र. तिच्यातले सेन्सर खांदे नेमके कुठे आहेत, पाठ किती लांब आहे, एवढं शोधतात, म्हणजे रोलर भलतीकडे दाबत नाहीत. दिवसभर उभं राहून थकलेल्या धडधाकट माणसाला तिच्यात बरं वाटतं आणि त्यात खोटं काही नाही.

डुलती खुर्ची अंग दाबत नाही, अख्ख्या माणसाला हलवते. ही हालचाल कळते ती कानाच्या आतल्या भागाला. तिथे दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोक्याचं वळणं ओळखतात. शेजारी दोन इवल्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियमचे सूक्ष्म कण. आपण पुढे-मागे सरकलो किंवा डोकं कललं की हे कण सरकतात आणि मेंदूला खबर जाते. ती खबर तोल सांभाळण्यापुरती राहत नाही, झोप-जागेपण आणि नाडीचा वेग सांभाळणाऱ्या भागांपर्यंतही पोचते. पाळण्यातलं बाळ शांत होतं ते याच वाटेने. मसाजचा रोलर कितीही महाग असला तरी या वाटेने जात नाही.

याची नीट तपासणी झाली आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०११ साली १२ पुरुषांना दुपारच्या झोपेसाठी हळूहळू डोलणाऱ्या पलंगावर झोपवलं, तेव्हा त्यांना स्थिर पलंगापेक्षा लवकर झोप लागली. २०१९ साली १८ तरुण-तरुणींवर रात्रभराचा प्रयोग झाला. त्यांची गाढ झोप वाढली आणि आदल्या संध्याकाळी पाठ केलेल्या शब्दजोड्याही सकाळी जास्त आठवल्या. त्याच सुमारास उंदरांवर झालेल्या प्रयोगाने कारणही दाखवलं. ज्या उंदरांच्या कानातलं ते कणांचं इंद्रिय जन्मतःच काम करत नव्हतं, त्यांना डुलण्याचा फायदा झालाच नाही.

माणसांच्या या प्रयोगांतला वेग होता ०.२५ हर्ट्झ, म्हणजे एक पूर्ण हेलकावा चार सेकंदांचा. आपल्या घरातल्या झोपाळ्याशी हा आकडा ताडून बघण्यासारखा आहे. झोपाळ्याचा वेग ठरतो कड्यांच्या लांबीवर, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. दोन मीटरच्या कड्यांचा झोपाळा एका हेलकाव्याला तीन सेकंदांहून किंचित कमी घेतो. चार सेकंद हवे असतील तर कड्या जवळजवळ चार मीटरच्या लागतील, आणि तेवढं उंच आढं जुन्या वाड्यातच असायचं. म्हणून झोपाळा वाईट ठरत नाही, पण मोटरवाल्या खुर्चीत वेग हवा तितका कमी ठेवता येतो ही खरी सोय आहे. विकत घेताना 'सर्वांत हळू वेग किती?' हा प्रश्न 'प्रोग्राम किती?' याच्या आधी विचारावा.

डिमेन्शियाबद्दलचा जो अभ्यास नेहमी पुढे केला जातो तो अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या परिचारिका-शिक्षण विभागातल्या नॅन्सी वॉटसन आणि सहकाऱ्यांचा, १९९८ सालचा. शुश्रूषागृहातल्या २५ रहिवाशांना साध्या रॉकिंग चेअर दिल्या. जे जास्त वेळ डुलले त्यांच्यात चिंता आणि उदासी कमी दिसली, आणि तोलही सुधारलेला आढळला. पण ही माणसं पायाने रेटा देऊन स्वतः डुलत होती. पोटऱ्या, मांड्या, पोटाचे स्नायू थोडे थोडे राबत होते. मोटरच्या खुर्चीत माणूस निव्वळ बसून राहतो, त्यामुळे तोल सुधारल्याचा दाखला तिच्या नावावर खपवणं मला पटत नाही. ज्याचे पाय अजून चालतात त्याला स्वतः रेटा देता येईल अशी खुर्ची द्यावी. ज्याला तेवढीही ताकद उरलेली नाही, त्याच्यासाठी मोटर.

डुलण्यावर मग बाकीचे थर चढवलेले असतात: उशीतल्या स्पीकरमधून संगीत, बैठकीतून येणारी बारीक थरथर, अंगावर वजनदार पांघरूण, मंद रंगीत दिवे. थरथरीची पद्धत नॉर्वेच्या ओलाव्ह स्किले यांनी १९८०च्या दशकात रुजवली. साधारण ३० ते १२० हर्ट्झचा खर्जातला आवाज कानाबरोबर अंगालाही ऐकवायचा, अशी ती कल्पना. दिवे-स्पर्श-वासाच्या खोल्या त्याआधी, १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सुरू झाल्या. डिमेन्शियासाठी अशा खोल्यांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याला (झालेले सगळे अभ्यास एकत्र पारखणारा आढावा) ठाम निष्कर्ष काढण्याएवढं काही सापडलं नाही. त्यामुळे माझ्या मते डुलणं हा पाया धरावा आणि बाकी सगळं त्या माणसाच्या आवडीनुसार. आयुष्यभर पहाटे भीमसेनांचे अभंग ऐकलेल्या आजींना खुर्चीबरोबर आलेला कृत्रिम लाटांचा आवाज काय जवळचा वाटणार? स्वतःचं संगीत घालता येत नसेल तर ती खुर्ची घेऊ नये.

या खुर्चीतल्या सेन्सरांचं काम वेगळं. बैठकीखालचे वजनाचे सेन्सर कुणी बसलंय का, आणि आता उठायला पुढे झुकतंय का, हे ओळखतात. कल ओळखणारे सेन्सर डुलण्याचा वेग आणि पल्ला मोजतात. काहींत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीराला बसणारा अतिसूक्ष्म धक्का पकडून नाडी मोजतात. मात्र डुलण्याचा धक्का त्याच्या कैक पटींनी मोठा असतो. खुर्ची थांबलेली असतानाचा आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा, चालू असतानाच्या आकड्यावर औषध बदलायचं नाही. यांपैकी मला जपावासा वाटतो तो एकच: उठणाऱ्या माणसाचं वजन पुढे सरकलं की खुर्ची आपोआप थांबवणारा. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की सगळं घर आडवं होतं.

सुरक्षिततेत दोघींचे धोके एकमेकींसारखे नाहीत. हाडं ठिसूळ झालेल्या पाठीवर रोलरचा दाब नको. पायात रक्ताची गुठळी असेल किंवा तशी शंका असेल तर पोटरी आवळणाऱ्या पिशव्या नकोतच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला ऊब कधी चटका झाली हे कळत नाही. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. डिमेन्शियात या सगळ्याच्या वर आणखी एक गोष्ट येते. पाय आवळले गेले की त्या माणसाला कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटतं, 'थांबवा' म्हणायला शब्द सापडत नाहीत आणि तो धडपडून उठू बघतो. शांत करायला आणलेली खुर्चीच घाबरवते.

डुलत्या खुर्चीत भीती चक्करेची, मळमळीची आणि उठतानाच्या तोलाची. कानाच्या दोषाने चक्कर येणाऱ्यांनी आणि उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं. अपस्माराचा त्रास असेल तर लुकलुकणारे दिवे बंद. गोल पायांच्या लाकडी खुर्चीखाली रांगत्या नातवंडाची बोटं सापडतात, तिथे एकाच जागी सरकणारी ग्लायडर बरी.

स्वमग्न मुलांसाठी विचारणारेही बरेच असतात. पुणे-मुंबईच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे निरनिराळे झोके टांगलेले दिसतात, त्यांमागचा विचार अमेरिकेच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांचा. तिथे एकच झोका सगळ्यांना चालत नाही. संथ, एकाच दिशेचं डुलणं बहुतेकदा शांत करतं, गरगर फिरणं उत्तेजित करतं, आणि कुठल्या मुलाला केव्हा काय हवं हे थेरपिस्ट बघून ठरवतात. त्यांना न विचारता खुर्ची घेऊ नये.

विक्रेता 'आजार बरा होतो' म्हणाला तर २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली नोंदणी कुठल्या वर्गात आहे ते विचारा. धोक्याच्या चढत्या क्रमाने ए ते डी असे चार वर्ग आहेत. डिमेन्शिया यांतली कुठलीच खुर्ची बरा करत नाही.

घरी आणल्यावर अस्वस्थता सुरू व्हायच्या अर्धा तास आधीची वेळ धरा. पहिल्या दिवशी मोटर सुरू न करता नुसतं बसू द्या, शेजारी ओळखीचं माणूस हवं. मग दहा मिनिटं, सर्वांत हळू वेगावर. चेहऱ्यापेक्षा हातांकडे लक्ष ठेवा. बोटं खुर्चीच्या हातावर सैल पडली तर चालू ठेवा, हात घट्ट आवळले तर लगेच बंद करा. उठवताना आधी खुर्ची थांबवून लॉक करायची, दोन्ही पावलं जमिनीला टेकवायची आणि मिनिटभर तसंच बसू द्यायचं. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही हे करून दाखवा.