६४० केबीतलं इंटरनेट

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. पुढच्याच महिन्यात टीसीपीचा, म्हणजे संगणकांनी एकमेकांना माहिती कशी पाठवायची त्या नियमांचा, आरएफसी ७९३ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. आजच्या इंटरनेटची बरीचशी देवाणघेवाण अजूनही याच टीसीपीवर चालते. म्हणजे दोघे समवयस्क. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनला इंटरनेट झेपणारच नाही, असं समजायचं कारण नाही. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी मेमरीचं बघू. त्या पीसीतला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्याचा आवाका एकूण १ एमबी मेमरीचा. त्यातला वरचा भाग स्क्रीन आणि रॉमसाठी राखीव असल्याने उरतात ६४० केबी, आणि डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम, जोडलेली उपकरणं चालवणारे ड्रायव्हर, प्रोग्रॅम सगळ्यांनी त्यातच मावायचं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा फोटोसुद्धा तेवढी जागा सहज खाऊन टाकेल.

तरीही काम होतं, कारण टीसीपीत माहिती घेणारा पाठवणाऱ्याला सतत सांगत असतो, ‘माझ्याकडे सध्या एवढीच जागा आहे.’ या आकड्याला विंडो म्हणतात. तो शून्यावर आला की समोरचा कितीही बलाढ्य सर्व्हर असो, त्याला थांबावंच लागतं. पंगतीत पानावर हात आडवा धरला की वाढपी पुढे सरकतो, तसंच.

पाठवताना मात्र पंचाईत होते. माहितीचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, वाटेत हरवलं तर पुन्हा पाठवायला त्याची प्रत जपून ठेवावी लागते, आणि प्रत म्हणजे मेमरी. स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्स यांनी त्यांच्या यूआयपी या चिमुकल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतच ठेवली नाही. पॅकेट हरवलं तर ते प्रोग्रॅमलाच सांगतं, मघाचा मजकूर पुन्हा तयार करून दे. वेळ थोडा जास्त जातो, पण काही शे बाइट मेमरीत भागतं. मला ही युक्ती फार आवडते. याच यूआयपीच्या जोरावर त्यांच्या कॉन्टिकी या ऑपरेटिंग सिस्टीमने ६४ केबीच्या कमोडोर ६४ वर वेब ब्राउझरही चालवून दाखवला.

पीसीला नेटवर्कशी जोडणाऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरचा प्रश्न डॉसच्या काळातच बराचसा सुटला होता. ‘पॅकेट ड्रायव्हर’ नावाचा ठरलेला सांधा होता. कार्ड कोणत्याही कंपनीचं असो, प्रोग्रॅमने त्याच पद्धतीने बोलायचं. एनई२००० या कार्डाच्या तर इतक्या नकला निघाल्या की तीच पद्धत होऊन बसली. मायकेल ब्रुटमन यांचं एमटीसीपी हे मोफत सॉफ्टवेअर अशाच ड्रायव्हरवर बसतं आणि ८०८८ वरही फाइल आणणारं एफटीपी, दूरच्या संगणकावर काम करू देणारं टेलनेट, चॅट चालवतं.

कार्डच मिळत नसेल तर सीरियल पोर्ट आहेच. ईएसपी८२६६ ही स्वस्त वायफाय चिप तिथे जोडायची आणि तिने फोनलाइनवरून जोडणी करणाऱ्या मोडेमचं सोंग घ्यायचं. जुनं टर्मिनल सॉफ्टवेअर ‘एटीडीटी’ म्हणून नंबर फिरवतं, चिप त्या पत्त्याच्या सर्व्हरशी जोडून देते. वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. गंमत म्हणजे ही नखाएवढी चिप ८० मेगाहर्ट्झची, मालकापेक्षा कितीतरी तगडी.

खरी भिंत आहे एचटीटीपीएसची, म्हणजे वेबवरच्या कुलूपबंद देवाणघेवाणीची. कुलपाची किल्ली ठरवताना शेकडो अंकी संख्यांचे गुणाकार करावे लागतात, आणि १६ बिटांचे तुकडे करत ८०८८ ते करू लागला की सर्व्हरचा धीर सुटतो. नंतरच्या पेंटियम प्रोसेसरला गणित जमतं, पण सॉफ्टवेअर जुनं पडतं. विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर टीएलएस या कुलपाच्या १.० आवृत्तीपुढे जात नाही, आणि ती आवृत्ती २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाली. फायरफॉक्स ५२ कुलपाची स्वतःची यंत्रणा घेऊन येतो, म्हणून त्याच एक्सपीवर अजून बऱ्याच साइट उघडतात. त्याहून जुन्या मशीनसाठी मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवतात. तो कुलूप उघडतो आणि पान साधं करून, कधी नुसतं चित्र बनवून, आत पाठवतो. पायपासून मशीनपर्यंतचा मजकूर उघडाच असतो, तेव्हा तिथून बँकेचे व्यवहार करू नयेत.

आणखी एक अगदी साधी गोष्ट. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, डॉसमध्ये तर थेट १ जानेवारी १९८० ला. मग ब्राउझरला साइटची ओळख पटवणारं आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं आणि तो पान नाकारतो. माळ्यावरून काढलेल्या पीसीत ड्रायव्हर शोधण्याआधी तारीख बघावी.