बेंद्रे, देवळालीकर मास्तर आणि माळव्याचं ऊन

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या वाटेने जायचं म्हणून इंदुरात येणारा माणूस थेट राजवाडा गाठतो. जावंच तिथे. पण ही वाट सुरू होते ती १९२७ साली, एका मास्तरांपासून. त्या वर्षी होळकर संस्थानाच्या या राजधानीत चित्रकला मंदिर सुरू झालं आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून आलेले दत्तात्रय दामोदर देवळालीकर तिथे शिकवू लागले.

देवळालीकरांनी मुलांना रंगपेटी घेऊन वर्गाबाहेर काढलं. गल्ल्या, बाजार, देवळं, नदीकाठ हाच वर्ग. आजही कुणी लँडस्केप करायला बसलं की कळतं, ऊन कुणासाठी थांबत नाही. पेन्सिलीने खिडक्या मोजत बसलात तर तोवर सावली भिंत ओलांडून गेलेली असते. म्हणून डोळे बारीक करून आधी उजेड आणि अंधाराचे मोठे भाग पकडायचे, अपारदर्शक रंगाचे जाड फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते घोटायचे नाहीत. तिसेक सालच्या सुमारास मुंबईच्या प्रदर्शनांमध्ये ही चित्रं दिसू लागली, तेव्हा जाणकारांनी या शैलीला नावच देऊन टाकलं : इंदूर स्कूल.

बेंद्रे इथलेच, १९१० साली इंदूरच्या मराठी घरात जन्मलेले. देवकृष्ण जटाशंकर जोशी, सोलेगावकर, विष्णू चिंचाळकर हेही याच मास्तरांचे विद्यार्थी. पंढरपुरात जन्मलेला आणि इंदुरात वाढलेला मकबूल फिदा हुसेनही इथे शिकला. बेंद्र्यांनी हुसेनच्या वडिलांकडे शब्द टाकला म्हणून त्याची चित्रकलेची वाट मोकळी झाली, असं हुसेन सांगत.

शहरातली ठिकाणं पायी होतात. खान नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत; होळकर घराण्यातल्या कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारकं. तिथून राजवाडा जवळच. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. त्याचा बराच भाग १९८४ च्या आगीत गेला, म्हणून जुनं चित्र हातात धरून जागा जुळवत बसू नये. ऊन कुठून येतं ते पाहावं. नदीचं पाणी मात्र त्या काळचं राहिलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

खरी मौज नर्मदेवर. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वरला होती, ती १८१८ मध्ये इंदूरला आली. रस्त्याने हे अंतर नव्वदेक किलोमीटर. ओंकारेश्वराकडे जाणं तर खंडवा-इंदूर रेल्वेने एकोणिसाव्या शतकातच सोपं केलं होतं. जोशी मूळचे महेश्वरचे. घाट आणि निमाडचे भिल्ल त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात.

महेश्वरचे घाट नदीच्या उत्तर काठावर आहेत, म्हणजे किल्ल्याची सगळी दर्शनी बाजू दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलता चालतो, त्यामुळे पायऱ्या, नक्षी, छत्री असं सगळं दिवसभर उजेडात राहतं आणि तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीची कड वेगळी उठते. नर्मदा पश्चिमवाहिनी, म्हणून सूर्य वरच्या अंगाला उगवतो आणि खालच्या अंगाला, पाण्याच्याच दिशेने मावळतो. संध्याकाळी नदीच्या मधोमध असलेलं बाणेश्वराचं छोटं देऊळ पाण्यावर नुसतं काळं उरतं. चित्रकार इथे वारंवार का येतात, ते अशा वेळी तिथे बसल्यावर आपोआप कळतं.

बेंद्रे मात्र पुढे निघून गेले. १९३६ नंतरची तीनएक वर्षं काश्मीरमध्ये, पर्यटकांसाठीच्या सरकारी कचेरीत चित्रकार-पत्रकार म्हणून. मग शांतिनिकेतन, अमेरिका, आणि १९५० पासून वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठातली ललित कला शाखा. १९५५ च्या 'सूर्यफूल' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्यात कुठलंही गाव ओळखू येत नाही. काही काळ ते घनवादाकडे, म्हणजे आकार भौमितिक तुकड्यांत मांडण्याच्या शैलीकडे वळले होते, आणि उतारवयात त्यांनी चित्रं ठिपक्याठिपक्यांनी बांधली. समीक्षक त्यात फ्रेंच बिंदुवाद पाहतात. मला तिथे देवळालीकरांचा वर्ग दिसतो. रंग घोटायचा नाही, शेजारी ठेवायचा, हा धडा बेंद्रे माळव्याच्या उन्हातच शिकले होते.