प्रबंध तीन वर्षांचा, हिशेब पाच वर्षांचा

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, एमडी किंवा एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. बहुतेक प्रबंध सही-शिक्का होऊन ग्रंथालयात जातात आणि तिथेच राहतात. कॅन्सरच्या उपचारांचा दर्जा तपासायचा तर सुरुवात मात्र नेमकी अशाच प्रबंधातून होऊ शकते. गाठ हाताला लागल्यापासून बायोप्सीपर्यंत किती दिवस गेले? रिपोर्ट कधी आला? पहिली केमो कधी चढली? किती जण अर्ध्यावर थांबले, आणि का? यासाठी नवं यंत्र लागत नाही. फायली उपसायची चिकाटी लागते, आणि ती तरुणांकडेच असते, कारण वरिष्ठांकडे वेळ नसतो.

या प्रश्नांना संशोधन म्हणायचं का, हा वाद जुना आहे. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आग्रह धरला, की शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचं वर्षभरानंतर काय झालं ते कार्डावर लिहायचं, डॉक्टरच्या चुकांसकट. सहकाऱ्यांना ते पटणं शक्यच नव्हतं. १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हे आपलं इस्पितळ सोडलं. पुढे हाडांच्या सार्कोमाची नोंदवही त्यांनीच सुरू केली. १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी या खटाटोपाला चौकट दिली : इस्पितळात सोयी काय आहेत, उपचार प्रत्यक्षात कसे दिले जातात आणि शेवटी रुग्णाचं काय झालं, या तिन्ही बाजू तपासायच्या. पुढे त्यांना स्वतःलाच प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आणि ही व्यवस्था खाटेवरून पाहायची वेळ आली.

आपल्याकडे टाटा मेमोरियल १९४१ साली परळला उभं राहिलं. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ ची, राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ चा, आणि १९८७ मध्ये बार्शीत ग्रामीण नोंदणी सुरू झाली. नोंदणीतून किती जणांना कुठला कॅन्सर झाला ते कळतं. पण उपचार वेळेवर मिळाले का, हे बहुतेक वेळा फाईल उघडल्याशिवाय कळत नाही.

गोव्याचं दुखणं इथेच आहे. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिचंच पुढे गोमेकॉ झालं. एवढा जुना वारसा असूनही कॅन्सर म्हटलं की घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य : ‘टाटाला नेलंय’. त्यामुळे एकाच रुग्णाची बायोप्सी मडगावच्या खाजगी लॅबमध्ये, ऑपरेशन मुंबईला, केमो बांबोळीला किंवा बेळगावला. कागद चार ठिकाणी, आणि पूर्ण कहाणी फक्त घरच्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत. पाठपुराव्यासाठी फोन करावा तर फाईलवरचा नंबर शेजाऱ्याचा निघतो, नाहीतर मुलाचा, आणि मुलगा बोटीवर नोकरीला. मग तक्त्यात शेरा पडतो : संपर्क तुटला. हा शेरा वाढला की निष्कर्ष कितीही नेटका असो, पोकळच.

त्यात सीमेपलीकडचा प्रश्न. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या रुग्णांना बांबोळी जवळ. २०१८ च्या सुरुवातीला गोमेकॉने बाहेरच्यांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं. राजकारण त्यावर भरपूर झालं. शुल्कामुळे किती जणांची केमो लांबली, हा मात्र एखाद्या तरुण संशोधकाने घ्यावा असा विषय आहे.

गोव्यात असं काम होऊ शकतं याचा दाखला कॅन्सरच्या बाहेरचा आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने इथल्या सरकारी आरोग्यकेंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमले. नैराश्याच्या उपचारांची ही ‘मानस’ नावाची चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. सरकारी केंद्रांत रुग्णांना फायदा दिसला, खाजगीत दिसला नाही. उपचार कुणी आणि कुठे दिला, यावर निकाल बदलतो, हे गोव्याच्याच आकड्यांतून पुढे आलं.

कॅन्सरपुरतं बोलायचं तर २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली, देशभरच्या केंद्रांत उपचारांचा दर्जा सारखा असावा म्हणून. तरुणांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची ठरली २०१५ पासूनची ‘क्रेडो’ ही संशोधनाचा आराखडा कसा करायचा ते शिकवणारी कार्यशाळा. तिची वंशावळ लांबची आहे : अमेरिकेतलं व्हेल, १९९६. मग स्वित्झर्लंडमधलं फ्लिम्स, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियातली अशीच कार्यशाळा. पद्धत एकच. आपली कच्ची कल्पना घेऊन यायचं, दिवसरात्र अनुभवी मंडळींकडून ती तासून घ्यायची आणि जाताना पूर्ण आराखडा घेऊन जायचं. व्याख्यानं ऐकून प्रमाणपत्र घ्यायच्या आपल्या सवयीला हे अंगावर येतं, आणि यायलाच हवं.

आराखडा घेऊन परतल्यावर खरी अडचण सुरू होते. ओपीडी, वॉर्ड, नाईट ड्युटी यांत संशोधनाला राखीव वेळ नाही. निवासी डॉक्टरची मुदत तीन वर्षांची, तर कॅन्सरमध्ये किती जगले याचा हिशेब पाच वर्षांवर धरतात. ज्याने तक्ता सुरू केला तो उत्तर यायच्या आधीच दुसरीकडे रुजू झालेला असतो, आणि तो तक्ता पुढच्या बॅचच्या हाती सोपवायची जबाबदारी कुणाची, हे विभागात कुठेच लिहिलेलं नसतं.