कोबोलचं मूव्ह: नावाचं शेपूट, आकड्याचं डोकं

आमच्या टीममध्ये नवीन आलेला एक पोरगा आहे, काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग. सरावासाठी तो कोबोल या प्रोग्रामिंगच्या भाषेत नागपूरच्या कळमना मार्केटच्या हिशोबपट्टीसारखा छोटा प्रोग्राम लिहून राहिला होता. मालाची एकूण रक्कम होती १,०४,२५० रुपये आणि पट्टीवर छापून आले ४,२५०. एरर नाही, काही नाही, प्रोग्राम आरामात संपला. "दादा, लाख रुपये गेले कुठं? काऊन असं झालं?"

कोबोलची तयारी १९५९ मध्ये सुरू झाली, १९६० मध्ये पहिला आराखडा आला, आणि त्यावर संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेची मोठी छाप होती. हिशोब ठेवणाऱ्या माणसालाही वाचता यावं म्हणून साधे इंग्रजी शब्द घेतले. त्यातलाच एक मूव्ह. 'मूव्ह अ टू ब' असं लिहायचं. नाव हलवण्याचं असलं तरी काम झेरॉक्सचं आहे, अ मधला माल अ मध्येच राहतो, ब मध्ये त्याची कॉपी जाते आणि ब मध्ये आधी जे होतं ते पुसलं जातं.

पण ही कॉपी जशीच्या तशी होईलच असं नाही. कोबोलमध्ये प्रत्येक फील्डचं, म्हणजे माहिती ठेवायच्या खणाचं, माप आधीच ठरवावं लागतं, त्याला पिक्चर म्हणतात, बोलताना सगळे 'पिक'च म्हणतात. पिक ९(५) म्हणजे पाच अंकांची जागा, पिक एक्स(१०) म्हणजे अक्षरांसाठी दहा जागा. आणि मूव्ह करताना चालतं ते घेणाऱ्याचं माप, देणाऱ्याचं नाही.

अक्षरं डावीकडून भरतात. जागा उरली तर उजवीकडे स्पेस, कमी पडली तर उजवीकडचं कापलं जातं, म्हणजे नावाचं शेपूट जातं. आकड्यांचं उलटं आहे, ते दशांश चिन्हाला धरून जुळवतात, उरलेल्या जागी शून्य भरतात, आणि जागा कमी पडली तर डावीकडचे अंक जातात, म्हणजे लाखच जातात. त्या पोराने पट्टीवरच्या फील्डला पाचच अंकांची जागा ठेवली होती, त्यामुळे १०४२५० मधला १ बाहेर पडला, राहिलं ०४२५०, आणि पुढचं शून्य छापताना लपलं. पैशांचंही असंच, ९९.९९ ला दशांश नसलेल्या फील्डमध्ये टाकलं तर १०० नाही होत, ९९ होतात, कारण मूव्ह राउंड करत नाही, नुसतं कापतं. वर्षासाठी पिक ९९ ठेवलेल्या फील्डमध्ये २००० टाकलं की ०० उरायचं, वायटूकेची, म्हणजे २००० साल लागताना तारखा चुकतील या भीतीची, सगळी धावपळ याच दोन अंकांच्या जागेपायी होती.

माझ्या मते यात सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे शांतता. ॲड, कम्प्युट या हिशोबाच्या आज्ञांना 'ऑन साइज एरर' लावता येतं, म्हणजे आकडा मावला नाही तर काय करायचं ते सांगता येतं, मूव्हला नाही. चालू प्रोग्राममध्ये आकडा कापला गेला तरी कोणी सांगत नाही.

ग्रुप मूव्ह तर अजून वेगळा विषय आहे. पूर्ण रेकॉर्ड, म्हणजे बऱ्याच फील्डचा गठ्ठा, एकदम मूव्ह केला की कोबोल आतले फील्ड बघतच नाही, सगळं अक्षरंच समजून बाइटमागे बाइट टाकत जातं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका रेकॉर्डमध्ये सरळ 'मूव्ह स्पेसेस' केलं होतं, त्यात एक पॅक्ड, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक दाबून ठेवणारं, रकमेचं फील्ड होतं, त्यात आकड्याऐवजी स्पेस बसल्या आणि रात्री आपोआप चालणारी बॅच त्यावर बेरीज करायला गेली तेव्हा सॉक-सेव्हन, म्हणजे चुकीच्या आकड्याचा एरर, देऊन पडली. तिथे 'इनिशियलाइझ' पाहिजे होतं, ते आकड्यांच्या फील्डमध्ये शून्य आणि अक्षरांच्या फील्डमध्ये स्पेस भरतं.

आता मराठीचं बघा. पिक एक्स(१०) मधले दहा म्हणजे दहा बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, मात्रेलाही वेगळे ३. 'नागपूर' म्हणजे न, काना, ग, प, ऊकार, र, एकूण १८ बाइट. हे दहाच्या फील्डमध्ये टाकलं की पहिले ९ बाइट नीट बसतात, म्हणजे 'नाग', ज्या नदीवरून आपल्या गावाचं नाव पडलं तेवढीच उरते, आणि दहाव्या जागी 'प' चा एक तुटका बाइट येतो, तो स्क्रीनवर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह दिसतो. आयबीएमच्या कोबोलमध्ये अशा लिप्यांसाठी पिक एन आहे, तिथे देवनागरीचं एक चिन्ह एका जागेत मावतं. तरी जागा चारच दिल्या तर 'नागप' येतं, अक्षर फुटत नाही पण ऊकार मागे राहतो.

त्या पोराने पट्टीचं फील्ड मोठं केलं, सात अंकांचं, आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीने लाख-हजारांवर ठेवले, कारण पिकमध्ये स्वल्पविराम कुठं द्यायचा हे आपणच ठरवतो. मूव्ह काढून कम्प्युट लावलं, सोबत ऑन साइज एरर, म्हणजे रक्कम मावली नाही तर जुना आकडा तसाच राहील आणि मेसेज येईल. मग मुद्दाम एक कोटीचा आकडा देऊन बघितला. मेसेज आला.