काळी रेघ आणि पांढरा पट्टा: खरी कीड कोणती?

परवा एक आजी चार वर्षांच्या नातवाला माझ्याकडे घेऊन आल्या. "सगळ्या दातांना कीड लागलीय हो, आणि गोळ्या-चॉकलेट तर आम्ही त्याला देतच नाही." पोरानं आ केला. प्रत्येक दातावर हिरडीच्या कडेनं, टोक काढलेल्या पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक काळी रेघ होती. एकही दात किडलेला नव्हता.

त्याची दोन वर्षांची बहीण आईच्या कडेवर होती. तिचा वरचा ओठ सहज उचलून पाहिला, तर पुढच्या चारही दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे. कीड सुरू झाली होती ती इथे.

दोन्ही करणी जंतूंचीच, पण जंतू वेगळे. काळी रेघ उमटते ती ॲक्टिनोमायसिससारख्या जंतूंमुळे. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा लाळेतल्या लोहाशी संयोग होतो आणि काळा थर दाताला चिकटतो. ब्रशनं तो निघत नाही. दवाखान्यात पॉलिश केलं की जातो, काही महिन्यांनी पुन्हा येतो, आणि बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत कमी होतो. दात आतून शाबूत असतो. उलट अशा मुलांत कीड कमी असल्याचं अनेक पाहण्यांत दिसलंय. लोहाच्या सिरपनंही दात काळवंडतात. तेवढ्यासाठी औषध बंद करू नका.

कीड लावणाऱ्यांत मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. जंतुशास्त्रज्ञ क्लार्क यांनी तो 1924 मध्ये किडलेल्या दातांतून वेगळा केला. तो साखर खातो आणि आम्ल सोडतो. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या टणक कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ हे आम्ल धुऊन दात सावरते, पण झोपेत लाळच कमी सुटते. बाळ दुधाची बाटली तोंडात धरून झोपलं की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, म्हणून ते वाचतात. आधी पांढरा पट्टा, मग तपकिरी, मग खड्डा. पांढरा असतानाच फ्लोराइड मिळालं, तर दात पुन्हा घट्ट होऊ शकतो. आपण मात्र काळ्याला घाबरतो, आणि पांढरं नजरेतून सुटतं.

घरी बघायचं तर मुलाला मांडीवर आडवं घ्या, ओठ उचला, दात मऊ फडक्यानं कोरडा करा आणि उजेडात पाहा. काळी रेघ हिरडीच्या वळणानं जाते, बऱ्याच दातांवर असते, खाली पृष्ठभाग गुळगुळीत. किडीचा पट्टा निस्तेज दिसतो, चमक गेलेली असते. टाचणीनं टोकरू नका. आणि डॉक्टरांनी कीड थांबवायला सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं असेल, तर तो भाग काळा आणि टणक होणारच. ते औषधाचं काम आहे.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत" हे ऐकलं की माझा जीव तुटतो. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या दुखल्या की मूल एका बाजूनं चावतं, मग जेवणच टाळतं, रात्री झोपत नाही, वजन वाढत नाही. पू झाला तर गाल सुजतो, ताप येतो. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाच्या बाबतीत तर हे जंतू रक्तातून हृदयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचू शकतात. अशा मुलाचे दात तपासायला उशीर करूच नये.

म्यूटन्स बाळाकडे बहुतेकदा घरातल्या मोठ्यांच्या लाळेतून येतो, त्याच चमच्यानं चाखून भरवताना. म्हणून आधी आपल्या किडलेल्या दाढा भरून घ्या.

नातवाच्या रेघा त्याच दिवशी पॉलिश करून काढल्या. बहिणीच्या दातांना फ्लोराइड वार्निश लावलं, रात्रीची बाटली हळूहळू सोडवायला सांगितली, आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन मोठ्यांनीच दोन वेळा दात घासून द्यायचे ठरले. पुढच्या खेपेला आजी आधी तिला आणणार आहेत.